रविवार सोडून कधीही

नवी मुंबईतल्या माणसाला दक्षिण मुंबईतलं एखादं गाजलेलं प्रदर्शन बघायचं असेल, तर त्याने कलाकाराच्या नावाआधी मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकची बातमी वाचावी. हार्बर मार्गावर रविवारचा ब्लॉक असला, की तो साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार असतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं सव्वादहाला आणि बंद होतं सहाला. म्हणजे बघायची जी वेळ, तीच नेमकी गाड्या नसण्याची. त्यातून पनवेल-बेलापूरहून पोरंबाळं घेऊन ठाण्याचा वळसा मारत पोहोचावं, तर निम्मी मुंबई आपल्या आधी रांगेत उभी. तेव्हा रविवार सोडून कधीही जा, हा पहिला सल्ला. पुढचे सल्ले इतके सरळ नाहीत. प्रदर्शन ठरावीक दिवसच का असतं, आत उजेड इतका कमी का, दोन तासांत पाय का बोलायला लागतात, याला सगळ्याला कारणं आहेत. ती कळली की बेत आपोआप नीट आखला जातो.

सिडकोने १९७० पासून नवी मुंबई वसवली. स्टेशनं ऐसपैस बांधली, सेक्टरगणिक बाग आणि शाळा ठेवली. २०११च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या अकरा लाखांच्या वर होती, पण एवढ्या वस्तीला स्वतःचं मोठं सार्वजनिक कलासंग्रहालय काही मिळालं नाही. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला गर्दी होते ती बहुधा घरांच्या आणि फर्निचरच्या प्रदर्शनांना. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये कारागीर येतात, तिथली कापडं आणि मातीकाम जरूर बघावं. बाकी कलेसाठी खाडी ओलांडावी लागते, आणि ओलांडून माणूस पोहोचतो तो बहुतेक वेळा काळा घोड्यालाच.

काळा घोड्याची सोय अशी, की चार पावलांवर तीन वेगवेगळ्या तऱ्हेची ठिकाणं आहेत. एक म्हणजे वस्तुसंग्रहालय, ज्याला जुनी माणसं अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’च म्हणतात. त्याची पायाभरणी १९०५ साली झाली, इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ थाटलं गेलं आणि लोकांसाठी दारं उघडली ती थेट १९२२च्या जानेवारीत. ती इमारत बांधणाऱ्या जॉर्ज विटेटचाच समोरचा सर कावसजी जहांगीर हॉल; तिथे १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, बोलण्यात ‘एनजीएमए’. तिसरं ठिकाण जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ची. तिथे तिकीट नाही, प्रदर्शनं आठवड्या-आठवड्याने बदलतात, आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी बोलायला संकोचू नका, तो त्यासाठीच बसलेला असतो.

एनजीएमए सोमवारी बंद असतं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. शनिवार-रविवार गर्दीचे. मग उरतात मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार. नोकरदार माणसाने एक रजा टाकायची तर यांपैकी एका दिवशी टाकावी. सणवार आणि राष्ट्रीय सुट्ट्यांचा हिशोब निघण्याआधी त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्यावा. तिकिटाचे दरही तिथेच बघावेत, ते बदलत असतात.

आता दिवसापेक्षा महत्त्वाचा प्रश्न: महिना कोणता? प्रदर्शन कशाचं आहे, यावर हे ठरतं. आणि ‘कशाचं’ म्हणजे विषय कोणता असं मी म्हणत नाही. वस्तू कशाच्या बनलेल्या आहेत, ते बघा.

दोन उदाहरणं घेऊ. ११ नोव्हेंबर २०१७ ते १८ फेब्रुवारी २०१८ या काळात वस्तुसंग्रहालयात भारत आणि जगाचा इतिहास नऊ गोष्टींतून सांगणारं प्रदर्शन झालं. ब्रिटिश म्युझियमचे माजी संचालक नील मॅकग्रेगर यांची ती कल्पना. नमन आहुजा आणि जे. डी. हिल यांनी त्याची मांडणी केली. लंडनहून आलेल्या शंभराहून अधिक वस्तू आणि देशभरातल्या संग्रहालयांतून आणलेल्या वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. तीन महिन्यांत ते मुंबईतून उठलं आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलं. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये त्याच वास्तूत भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोममधल्या प्राचीन शिल्पांचं प्रदर्शन उघडलं. ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची सरकारी संग्रहालयं आणि लॉस एंजेलिसचं गेटी यांचा त्यात हात होता. ते ऑक्टोबर २०२४ पर्यंत चाललं, म्हणजे तब्बल दहा महिने.

एकाला तीन महिने, दुसऱ्याला दहा, यामागे करारमदार आणि पुढचे मुक्काम तर असतातच, पण वस्तूंच्या प्रकृतीचाही भाग असतो. दगडाला उजेडाचं भय नसतं. कागद, रेशीम, सुती कापड, लघुचित्रांतले वनस्पतिजन्य रंग यांचं तसं नाही. त्यांच्यावर पडलेला प्रत्येक प्रकाशकिरण थोडं नुकसान करून जातो आणि हे नुकसान साठत जातं. चित्र पुन्हा अंधारात ठेवलं म्हणून उडालेला रंग परत येत नाही. म्हणून जगभर अशा वस्तूंसाठी साधारण ५० लक्स ही उजेडाची मर्यादा पाळतात, आणि काही महिने दाखवल्यावर त्यांना दीर्घ विश्रांती देतात. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतं. आपल्या ऑफिसात टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स असतात, आणि दुपारच्या उन्हात रस्त्यावर एक लाखाच्या आसपास.

यातून बेताचे दोन धडे निघतात. दगडाधातूचं प्रदर्शन असेल तर मे महिन्याच्या सुट्टीची, परीक्षा संपण्याची वाट बघितली तरी चालेल. कागदाकापडाचं असेल तर जाहिरात दिसल्याबरोबर तारीख ठरवा, ते फार दिवस थांबणार नाही. दुसरा धडा वडीलधाऱ्यांसाठी. एक लाख लक्समधून ५० लक्समध्ये शिरल्यावर डोळा सरावायला काही मिनिटं घेतो. वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान राहते, भिंग पिवळट होतं, म्हणजे मुळातच आत कमी उजेड पोहोचतो. आजी-आजोबा पहिल्याच दालनात ‘काही दिसत नाही बाबा’ म्हणतात ते हट्टाने म्हणत नाहीत. त्यांना आत शिरल्यावर पाच-सात मिनिटं बाकावर बसू द्या, जवळचं वाचायचा चष्मा विसरू नका, आणि लेबल मोठ्याने वाचून दाखवा. मोबाइलचा टॉर्च मात्र पेटवू नका. काचेवर तो स्वतःच चमकतो, वस्तू दिसत नाही, आणि पहारेकरी धावत येतो ते वेगळंच.

फ्लॅशबद्दलही एक गैरसमज आहे. एका फ्लॅशने चित्र खराब होतं असं नाही. पण हजार लोकांनी हजारदा तो उडवला तर शेजारच्या माणसाचं बघणं नक्की खराब होतं, आणि बंदीला तेवढं कारण पुरेसं आहे.

उसन्या आणलेल्या वस्तूंचं प्रदर्शन ठरल्या तारखेला का संपतं, वाढवत का नाहीत, असा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतं. कारण असं, की त्या वस्तूचा प्रवास कित्येक महिने आधी आखलेला असतो. ती खास पेटीत येते, सोबत तिच्या संग्रहालयाचा माणूस येतो. पेटी आल्या आल्या उघडत नाहीत. आतली हवा आणि बाहेरची हवा जुळायला बहुधा एक दिवस जाऊ देतात. मग ओरखडा न् ओरखडा तपासून कागदावर उतरवतात, आणि परत जाताना त्याच कागदाशी ताडून बघतात. विमा भिंतीवरच्या खिळ्यापासून परत त्याच खिळ्यापर्यंतचा असतो. पुढचं गाव वाट बघत असतं. शेवटच्या तारखेनंतर एक दिवस वाढवणंही सोपं नसतं, म्हणून ‘वाढवतील की’ या भरवशावर राहू नये.

आणि तरीही आपण शेवटच्या आठवड्यावरच ढकलतो. हा सार्वत्रिक रोग आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९७२ साली तूतनखामेनच्या थडग्यातल्या वस्तू आल्या, तेव्हा सुमारे सतरा लाख लोक आले आणि रांगा संग्रहालयाच्या अंगणाबाहेर गेल्या. आता मोठ्या संग्रहालयांनी वेळेचं तिकीट काढलं आहे: तुमचा अर्धा तास ठरलेला, त्याच वेळात आत शिरायचं. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये २०२३ साली व्हर्मीरची २८ चित्रं एकत्र आणली गेली. त्याची आज ओळखली जाणारी चित्रंच मुळात सदतीसच्या आसपास. साडेसहा लाख लोकांनी ते प्रदर्शन पाहिलं, आणि प्रदर्शन उघडल्यापासून काही दिवसांतच तिकिटं संपली होती. मुंबईत अजून इतकी झुंबड क्वचित होते, पण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्राच्या आर्ट हाउससारख्या ठिकाणी आधी वेळ आणि तिकीट ठरवून गेलेलं बरं. तिथे जायचं तर आपल्याला कुर्ल्यालाच उतरावं लागतं, सीएसएमटीपर्यंत जायचं कारण नाही.

आपल्याकडे गर्दीचा एक वेगळा हंगाम आहे, शाळांच्या सहलींचा. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात कामाच्या दिवशीसुद्धा सकाळी वस्तुसंग्रहालयात निळ्या-पांढऱ्या गणवेशांच्या रांगा लागतात. पोरांनी यावंच, माझी तक्रार नाही. पण शांतपणे मूर्ती बघायची असेल तर तेव्हा दुपार गाठावी. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा कला महोत्सवाचे नऊ दिवस येतात. महोत्सवाला जरूर जा, पण त्याच दिवशी एनजीएमएमधलं प्रदर्शनही उरकू म्हणाल तर दोन्ही अर्धवट होतील. सगळ्यात मोकळा काळ जून-जुलैचा, फक्त पावसाने हार्बर लाइन बंद पाडली नाही तर.

वेळापत्रक मी असं सुचवेन. नेरूळ-वाशीहून साडेदहानंतरची गाडी धरा. ऑफिसची गर्दी ओसरलेली असते आणि बसायला जागा मिळते. वाशीहून सीएसएमटी पाऊण ते एक तास, पनवेलहून सव्वा ते दीड. तळोजा-खारघरच्या लोकांना नोव्हेंबर २०२३ पासून मेट्रोने बेलापूर गाठता येतं. सीएसएमटीला उतरल्यावर पोटाची सोय तिथेच करून घ्या, कारण दालनात डबा उघडता येत नाही आणि काळा घोड्याच्या कॅफेंमध्ये चार माणसांचं बिल बघून कलेवरचं प्रेम कमी होतं. स्टेशनसमोरचा ‘आराम’चा वडापाव हा जुना आणि भरवशाचा उपाय. (जहांगीरमधलं ‘समोवार’ २०१५ साली बंद झालं, नाहीतर तिथला चहा सुचवला असता.) पुढे हुतात्मा चौकातून चालत वीस मिनिटं. चालायचं नसेल तर ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोने सीएसएमटीहून पुढचं एकच स्टेशन, हुतात्मा चौक. अटल सेतूने गाडी घेऊन येणं उलवे-उरणकरांना मोहाचं वाटतं, पण टोल भरून वाचवलेला वेळ पार्किंग शोधण्यात जातो.

एकच्या सुमारास आत, चारच्या आधी बाहेर. पाचनंतर सीएसएमटीहून पनवेल गाडीत चढायचं म्हणजे काय, ते नवी मुंबईकराला समजावून सांगायला नको.

म्हणजे हाताशी उरले अडीच-तीन तास. ते पुरेसे आहेत, किंबहुना त्याहून जास्त वेळ उपयोगाचाही नाही. बोस्टनच्या संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखासाठी एका माणसाला कपाटांतल्या वस्तू बघायला लावून त्याचे फोटो काढले. कुठे तो वाकलाय, कुठे उकिडवा बसलाय, कुठे टाचा उंचावल्यात. संग्रहालयाचा थकवा हा विषय तेव्हापासून अभ्यासात आला. मान, कंबर आणि डोळे एकदम थकतात, आणि त्याच्याही आधी लक्ष थकतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये केलेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोक एका कलाकृतीसमोर सरासरी सत्तावीस सेकंद थांबतात असं दिसलं. निम्मे लोक सतरा सेकंदांच्या आतच पुढे जातात. त्यात लेबल वाचण्याचा वेळही आला.

माझं मत असं, की हे सत्तावीस सेकंद सगळ्यांवर सारखे वाटून टाकणं हा पैशाचा आणि रजेचा अपव्यय आहे. आधी एकदा पूर्ण दालनातून न थांबता फेरी मारा. लोक पहिल्या दालनात पहिल्या फलकासमोर खोळंबतात, शेवटची दालनं बहुधा मोकळी असतात. तुम्ही फेरी मारून शेवटाकडून सुरुवात करा. फेरीतच पाच वस्तू मनात धरा आणि प्रत्येकीपाशी दहा मिनिटं द्या. बाकीच्या सोडून द्या, त्यांचं काही बिघडत नाही. एनजीएमएमध्ये मजल्यावर मजले चढत जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोन करून सोय विचारावी.

दहा मिनिटं एका वस्तूपाशी करायचं तरी काय? वस्तुसंग्रहालयाच्या कायमच्या संग्रहातलं एक उदाहरण घेतो. घारापुरीच्या लेण्यांमधून आणलेली, सहाव्या शतकातली ब्रह्मदेवाची पाषाणमूर्ती तिथे आहे. घारापुरी बेट उरण तालुक्यात, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचं; न्हावा-शेव्याच्या क्रेन तिथून दिसतात. पहिली दोन मिनिटं लेबल न वाचता समोर उभं राहा. मग बाजूला सरका: मधलं मुख समोर बघतं, बाजूची मुखं बाजूला, आणि चौथं मागे आहे असं गृहीत धरायचं. कुठे दगड गुळगुळीत आहे, कुठे खडबडीत, कुठे हातच नाहीत, ते बघा. तुटलेल्या जागीही काळा बसाल्ट आतून तसाच एकजिनसी दिसतो. मग लेबल वाचा. आणि मग हीच मूर्ती लेण्यातल्या अंधारात, समुद्रावरून येणाऱ्या तिरप्या उजेडात कशी दिसत असेल याचा विचार करा. पुढच्या रविवारी, मेगाब्लॉक असला तरी, होडीने घारापुरीला जाऊन उरलेलं बघता येतं.

घारापुरीचाच दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो कोसळून फुटला आणि म्हणून इथेच राहिला. पुढे तुकडे जोडून त्याला उभा केला. सांधे अजून दिसतात. मुलांना हे सांगा आणि सांधे शोधायला लावा, दहा मिनिटं सहज जातात.

चित्रांचं बघणं याच्या उलट, जवळून. अकबराच्या चित्रशाळेत १५७५च्या सुमारास झालेल्या ‘अन्वर-ए-सुहैली’ या पोथीची पानं वस्तुसंग्रहालयात आहेत. गोष्टी मुळातल्या आपल्या पंचतंत्राच्या, अरबस्तान-इराण फिरून फारसीत आलेल्या. खारीच्या केसांच्या कुंचल्याने काढलेलं काम हातभर अंतरावरून नुसता रंगाचा ठिपका वाटतं. वीतभर अंतरावर त्या ठिपक्याला डोळा आणि मिशा फुटतात. अशी पानं कायम मांडलेली नसतात, कारण तेच ५० लक्स. दिसली तर सोडू नका.

लेबलावर विश्वास किती ठेवायचा, हेही बेतातच धरावं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा कोपरखैरणे-घणसोलीतल्या माथाडी कुटुंबांना गावची वारी आणि प्रदर्शन एकाच एसटीत साधता आलं. कराराने ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला मिळालेली, आणि फिरत राहणारी. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला मिळाल्याची नोंद सोबतच्या पेटीवर आहे. पण अफझलखानाच्या वेळची वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही, असं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम स्वतःच सांगतं. हे वाचून कुणाचा उत्साह मावळायचं कारण नाही. पेटीवरची ओळ म्हणजे काय पुरावा आणि किती पुरावा, हे मुलांना दाखवण्याची याहून चांगली जागा मिळणार नाही. इतिहासाच्या पुस्तकात तशी संधी येत नाही.

मुलांना एका तासाच्या वर ओढू नका. पेन्सिल आणि छोटी वही द्या, पेन नको. शाईचा डाग निघत नाही म्हणून संग्रहालयांना पेन आवडत नाही. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, ती काउंटरवर ठेवावी लागते, तेव्हा पाकीट-फोन मावेल एवढी झोळी घ्या. वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे. पहिली ते पाचवीच्या पोरांना घेऊन जायचं असेल तर सुरुवात तिथून करावी.

आणि ज्यांना हे सगळं जमवणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी एक सोय आहे जी नवी मुंबईत फार कमी जणांना ठाऊक असते. वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून ‘म्युझियम ऑन व्हील्स’ नावाची बस सुरू केली आहे. आत छोटंसं प्रदर्शन मांडलेलं असतं आणि ती शाळांच्या दारात जाऊन उभी राहते. दिघ्यापासून उरणपर्यंतच्या शाळांच्या पुढच्या पालकसभेत कुणीतरी हा विषय काढावा, आणि शाळेने वस्तुसंग्रहालयाच्या शिक्षण विभागाला पत्र लिहावं.